मुअल्लिम अबुल-मआतींचं बीपी

भूल देणाऱ्या डॉक्टरला कोणी मिठाई आणून देत नाही. पेशंट शुद्धीवर येतो तो सर्जनला दुवा देतच. त्याला झोपवलं कोणी, झोपेत सांभाळलं कोणी, सुखरूप परत आणलं कोणी, हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही, कारण त्या सगळ्या वेळात तो घोरत असतो. इतकी वर्षं हे काम करून आता माझी त्याबद्दल काही तक्रार राहिलेली नाही, असं मी चारचौघांत सांगते. तक्रार आहे. पण मुअल्लिम अबुल-मआतींची गोष्ट निघाली की मी ती तक्रार जरा बाजूला ठेवते.

ते पहिल्यांदा आमच्या मन्सूराच्या हॉस्पिटलात ऑपरेशनच्या टेबलावर आले तेव्हा त्यांचं बीपी होतं दोनशेदहा-एकशेवीस. मी पुन्हा मापलं. दुसऱ्या दंडावर मापलं. आकडा जागचा हलेना.

"घाबरलेत," हाझेम म्हणाला. डॉक्टर हाझेम म्हणजे आमचा कान-नाक-घशाचा सर्जन. कॉलेजात माझ्या एक वर्ष मागे होता, तरी हुकूम सोडायची सवय जन्माची. "झोपेचं औषध दे, आपोआप येईल खाली."

"घाबरलेत? त्यांच्याकडे बघ तरी."

मुअल्लिम आडवे पडून वरच्या मोठ्या दिव्याकडे असे बघत होते की जणू तो त्यांना विकत घ्यायचाय आणि भाव पटत नाहीये. सत्तरीला टेकलेला आडदांड माणूस, पांढऱ्याशुभ्र मिशा. मुअल्लिम म्हणजे आमच्याकडे धंद्यातले उस्ताद. जवळच्या नबरूह गावचे फसखानी, म्हणजे फसीख करून विकणारे. बोय मासा आधी फुगू द्यायचा, मग मिठात पुरून पिंपात मुरवायचा, तो फसीख. त्याच्या वासानं परका माणूस पळ काढतो आणि आमचा वसंतातला शम्म अन-नसीमचा सण त्याच्याशिवाय साजरा होत नाही. नीट मुरला तर जिभेवर स्वर्ग, बिघडला तर विष. म्हणून नबरूहला गिऱ्हाईक दुकानाची पाटी बघत नाही, फसखानीचं नाक बघतं. पिंपाचं झाकण उघडून त्यानं वास घ्यायचा आणि 'घे' म्हणायचं, की लोक डोळे मिटून घेतात. मुअल्लिमांच्या घराण्याचं नाक तर सगळ्या दकहलिया प्रांतात नावाजलेलं.

आणि त्याच नाकात मांस वाढलं होतं, दोन्ही बाजूंनी. ते काढायला ते आमच्याकडे आले होते.

"आज नाही," मी म्हणाले.

मुअल्लिम कोपरावर उठून बसले. "आज नाही म्हणजे? बाई, सगळं नबरूह मला निरोप द्यायला आलं होतं. बायकांनी रडूनसुद्धा घेतलं. आता कुठल्या तोंडानं परत जाऊ?"

"ज्या तोंडानं आलात त्याच. दोनशेदहावर झोपवलं असतं तर तेही वाकडं झालं असतं."

"माझ्या बापाचं बीपी किती होतं ते कोणी मापलं नव्हतं, आणि तो नव्वद वर्षं जगला!"

"त्यांना मी भूल दिली नव्हती. खाली उतरा."

ते उतरले. अंगात हिरवा गाऊन, डोक्याला टोपी, आणि चाल मात्र अशी की बाजारातून खरेदी आटोपून निघालेत. हाझेम माझ्यावर दिवसभर फुगून होता.

बाहेर त्यांची मुलगी इन्साफ बसली होती. ही त्यांची एकुलती एक. दुकानाचा हिशेब बघते, आणि आई गेल्यापासून बापालाही. मी तिलाच धरलं. गोळ्या घेतात का?

"मी स्वतः देते डॉक्टरबाई. गिळेपर्यंत समोरून हलत नाही. गिळल्यावर तोंड उघडायला लावते."

"आणि मीठ?"

"घरात अळणी जेवण. त्यावरून रोज युद्ध चालतं आमच्याकडे."

मुलगी खरं बोलत होती, ते तिच्या थकलेल्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. मी गोळ्या वाढवल्या. काही आठवड्यांनी बापलेक परत आले, बीपी तिथेच. आणखी एक गोळी जोडली. तरी तिथेच. आता मी चिडले. माझा स्वभावच तसा आहे. माणूस ऐकत नसला तर मी समजू शकते, पण बीपी विनाकारण ऐकत नाही हे मला सहन होत नाही. कारण असतंच. (माझ्या पर्समध्येही त्याच गोळ्यांची पट्टी असते, पण तो विषय इथला नव्हे.)

एका शुक्रवारी मी गाडी काढली आणि नबरूहला गेले.

दुकान बंद होतं, पण मागचं अंगण उघडं होतं. आत ओळीनं पिंपं. मुअल्लिम बाह्या वर सारून त्यांच्यामधून फिरत होते. त्यांची पाठ माझ्याकडे होती. कोपऱ्यात शेगडीवर दूध उतू जाऊन करपत होतं. करपल्याचा वास असा की फसीखच्या त्या दाट वासालाही पुरून उरला होता, माझे डोळे चुरचुरायला लागले. मुअल्लिम मात्र शेगडीपासून चार हातांवर निवांत उभे. त्यांनी एका पिंपात हात घातला, मासा काढला, बोटानं पोटाचा लहानसा तुकडा तोडला आणि तोंडात टाकला. चघळला, गिळला. पुढचं पिंप. पुन्हा तेच. मग पुढचं.

"मुअल्लिम," मी म्हणाले, "दूध करपलं."

ते दचकून वळले. आधी माझ्याकडे बघितलं, मग शेगडीकडे. मग धावत जाऊन पातेलं उतरवलं आणि तसेच पाठमोरे उभे राहिले.

"कधीपासून वास येत नाही?" मी विचारलं.

ते पातेल्याशी चाळा करू लागले. "दोन वर्षं," ते म्हणाले. "आधी एक बाजू गेली, मग दुसरी. आता शेजारी मांजर मरून पडलं तरी कळायचं नाही. नाक चोंदतं, एवढंच लोकांना माहीत. इन्साफलाही तेवढंच. बाई, ज्या फसखानीला नाक नाही, त्याच्या हातचं खाईल कोण?"

"आणि म्हणून तुम्ही प्रत्येक पिंप चाखता?"

"चाखतो. मग दोन रात्री काढतो. तिसऱ्या सकाळी ठणठणीत उठलो, की ते पिंप विकायला उघडतो."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "आणि बिघडलेलं निघालं तर?"

"तर मी मरेन," ते अगदी सहज म्हणाले. "गिऱ्हाईक तर वाचेल. माझ्या आजोबांपासून या दुकानातून कोणी आजारी पडलेलं नाही, बाई. माझ्या हयातीत पडणार नाही."

मला भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्या म्हाताऱ्यासमोर ताठ उभं राहून सलाम ठोकावासा वाटला. घरी अळणी जेवायचं, मुलीसमोर निमूट गोळ्या गिळायच्या, आणि इथे येऊन नुसतं मीठ खायचं, रोज, पिंपामागून पिंप. या माणसाचं बीपी माझ्या गोळ्यांना कसं दाद देणार होतं!

"ऐका," मी म्हणाले. "आजपासून चाखणं बंद. बीपी उतरल्याशिवाय मी भूल देणार नाही, भूल दिल्याशिवाय नाक उघडणार नाही, आणि नाक उघडल्याशिवाय तुम्ही चाखायचे थांबणार नाही. हे चक्र कुठून तरी तोडायला हवं."

"मग पिंपं कोण बघणार? तुम्ही?"

"मी," दारातून आवाज आला.

इन्साफ करपल्या दुधाच्या वासानं धावत आली होती. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण डोळे भरले होते आणि जबडा बापासारखाच आवळलेला होता.

"तू जा घरात," मुअल्लिम म्हणाले.

"नाही जात. दोन वर्षं माझ्यापासून लपवलंत? मी तुमचं तोंड उघडून बघत होते गोळी गिळली का, आणि तुम्ही इथे मरायला बसला होतात?" ती थांबली, नाक पुसलं. "गेल्या वर्षी ते भिंतीकडचं पिंप तुम्ही ओतून टाकलंत. आठवतं? कोणी सांगितलं होतं तुम्हाला ते उतरलंय म्हणून?"

मुअल्लिम पुटपुटले, "मी टाकणारच होतो."

"मी सांगितलं होतं! झाकण उघडलं नव्हतं तेव्हा. अंगणात उभी होते, तिथून."

"आमच्यात हे काम बापाकडून मुलाकडे जातं," ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू न्यायाधीश मीच.

"मुलगा नाही ना तुम्हाला? मग ते नाक जाणार कुठे? शेजाऱ्यांकडे?" मी विचारलं.

इन्साफ रडतारडता हसली. मुअल्लिमांच्या मिशा हलल्या, पण हसले नाहीत. त्यांनी खुंटीवरचा एप्रन काढला, तिच्या हातात दिला, आणि दुकानात जाऊन बसले.

पुढच्या खेपेला बीपी एकशेऐंशी होतं. मग एकशेपासष्ट. हिवाळा सरत आला तोवर एकशेपन्नासला येऊन स्थिरावलं. माझ्या लेखी हे त्या माणसाचं स्वतःचं बीपी होतं, त्याच्या वयाचं आणि त्याच्या जुन्या रक्तनळ्यांचं. इन्साफनं त्यासाठी मापायचं यंत्र घेतलं होतं आणि ते दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवलं होतं. मी हाझेमला तारीख द्यायला सांगितलं.

आता माझ्या कामाचं सांगते, कारण ते दुसरं कोणी सांगणार नाही.

बीपीवाल्या माणसाला झोपवणं म्हणजे खवळलेला घोडा आणि मरतुकडा घोडा एकाच लगामानं हाकणं. औषध दिलं की बीपी धाडकन कोसळतं. घशात नळी घातली की उसळून छताला लागतं. मी औषध थेंबाथेंबानं दिलं, घसा आधीच बधिर केला, नळी अशी अलगद सरकवली की मुअल्लिमांच्या बीपीला पत्ताही लागला नाही. डोक्याकडची बाजू थोडी उचलून घेतली. नाडी सावकाश चालेल असं औषध पंपावर लावलं.

हाझेम कामाला लागला. थोड्या वेळानं त्याचा आवाज चढला.

"सफिनाझ, रक्त येतंय. काही दिसत नाही. बीपी खाली घे."

"किती?"

"नव्वद. दुसऱ्यांचं घेतेस तसं."

"हे दुसरे नाहीत. एकशेवीसच्या खाली मी जाणार नाही."

"अगं, नाकात काम करतोय मी! इथून दोन केसांच्या अंतरावर डोळा आहे, वर मेंदू आहे. आंधळेपणानं कापू?"

"कापू नकोस. थांब. हाझेम, तुझं घर कितव्या मजल्यावर आहे?"

"काय?"

"पाचव्या. तुमच्या इमारतीतल्या त्या जुन्या नळांना गच्चीवरच्या टाकीच्या जोराची सवय आहे. टाकी उतरवून पहिल्या मजल्यावर ठेवली तर तुझ्या बायकोला नळाला पाणी येईल का? यांचा मेंदू पाचव्या मजल्यावर राहतो. दंडावर नव्वद दिसलं, तर डोक्यात त्याहून कमी. बाहेर मुलगी बसलीय. तिला काय सांगू, नाक आलंय, पण बाप आता तुला ओळखत नाही?"

हाझेमनं औषधात भिजवलेला कापूस उचलून जरा जास्तच जोरात नाकात भरला. रागानं भरला, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय. त्या औषधानं रक्तनळ्या आवळतात, पण अंगात भिनलं तर बीपी उडतं. उडालंच. एकशेसाठ, एकशेपंचाहत्तर, एकशेनव्वद.

"हात काढ," मी म्हणाले. मी ओरडत नाही. ओरडले तर खोलीतले सगळे घाबरतात आणि पेशंटचा त्यात काही फायदा नसतो. मी झोप गाढ केली आणि बोट नाडीवर ठेवून उभी राहिले. उसळलेल्या बीपीवर घाईनं भलतं औषध ओतलं तर ते मागाहून खड्ड्यात जातं. धीर धरणं हेही औषधच आहे, फक्त ते बाटलीत मिळत नाही. एकशेसत्तर. एकशेपन्नास. एकशेतीस. एकशेबावीसवर येऊन आकडा थांबला आणि मी त्याला तिथेच धरला.

"आता बघ," मी म्हणाले. "नाडी पंचावन्न आहे. रक्त घाईच्या नाडीनंही येतं, नुसत्या बीपीनं नाही."

हाझेमनं कापूस काढला. आत डोकावला. मग म्हणाला, "कोरडं आहे."

"माहीत आहे."

पुढचा सगळा वेळ पडद्यावरची रेघ आमच्या डेल्टाच्या जमिनीसारखी सपाट होती. मी फार कौतुक करून घेत नाही, पण ती रेघ फ्रेम करून दिवाणखान्यात लावावी असं मला अजून वाटतं. लोक लग्नाचे फोटो लावतात, त्यापेक्षा बरी दिसली असती.

उठवतानाही खोकू दिलं नाही, कारण एक ठसका आणि सगळी मेहनत पाण्यात. मुअल्लिमांनी डोळे उघडले. नाकात बोळे, तोंड कोरडं. माझा जीव टांगणीला होता. मी वाकून विचारलं, "मुअल्लिम, पिंपात मिठाचा थर किती जाड घालता?"

त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं. "ते धंद्याचं गुपित आहे, बाई."

मी हाझेमकडे वळले. "पाचव्या मजल्यावर पाणी पोचलंय."

बोळे निघाले, खपल्या निघाल्या, तरी वास काही येईना. हाझेमचा चेहरा उतरला, माझाही. आणि मग एके दुपारी माझा फोन वाजला.

"बाई," पलीकडून घोगरा आवाज आला, "आमच्याकडे कांदा परतताहेत." पुढे बराच वेळ नुसते हुंदके. मग, "शेजारच्यांकडे, बाई. आमच्याकडे नाही. शेजारी."

शम्म अन-नसीमच्या आदल्या दिवशी मी पुन्हा नबरूहला गेले. गल्ली तुडुंब भरली होती. गल्ल्याच्या मागे बापलेक दोघंही एप्रन बांधून उभी. शेजारचा न्हावी मोठ्यानं म्हणाला, "काय मुअल्लिम, या वयात नाकाचं ऑपरेशन? नवरी बघताय की काय?"

सगळे हसले. मुअल्लिम हसले नाहीत. त्यांनी एक रिकामं खोकं ओढलं, त्यावर चढले आणि म्हणाले, "ऐका. दोन वर्षं मला वास येत नव्हता. अजिबात नाही."

पैसे पुढे केलेले हात मागे आले. इन्साफचा चेहरा पांढरा पडला. तीन पिढ्यांचं नाव त्या खोक्यावर उभं होतं. बोलायची काही गरज नव्हती, नाक परत आलं होतं, कोणाला कधी कळलं नसतं.

पुढे उभी असलेली हाज्जा दौलत, त्यांचं जुनं गिऱ्हाईक, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मग दोन वर्षं माझ्या नातवंडांना तू काय खायला घातलंस, अबुल-मआती?"

"जे मी आधी खाल्लं, तेच. प्रत्येक पिंप. मी खाऊन दोन रात्री जगलो, की मग तुम्हाला. मिठानं माझं बीपी दोनशेदहावर गेलं. खोटं वाटत असेल तर विचारा, त्या तिथे उभ्या आहेत. ज्यांनी मला टेबलावरून हाकलून दिलं होतं, त्या."

सगळी गल्ली वळून माझ्याकडे बघायला लागली. पेशंटचं बीपी मी कोणाला सांगत नाही. पण इथे पेशंटच खोक्यावर चढून ते सांगत होता.

"दोनशेदहा-एकशेवीस," मी म्हणाले. "मी जन्मभर लोकांची बीपी बघत आलेय. इतकं इमानदार बीपी मी पाहिलेलं नाही."

हाज्जा दौलतनं क्षणभर विचार केला. "दोन किलो दे," ती म्हणाली. "आणि माझ्यासमोर वास घे."

मुअल्लिम खाली उतरले. पिंपाचं झाकण काढलं, मासा उचलला, आणि तो आधी इन्साफच्या नाकाशी धरला. तिनं डोळे मिटले, मान हलवली. मग त्यांनी स्वतः कल्ल्यापाशी नाक नेलं आणि इतका लांब श्वास घेतला की मीही सोबत श्वास रोखून धरला. "घे," बापलेक एकदम म्हणाले. मागून कोणी तरी ललकारी दिली आणि गल्ली पुन्हा गजबजली. अभिमानानं मला भरून आलं. कोणाचा अभिमान, ते विचारू नका. त्या दोघांचा, आणि खरं सांगायचं तर माझाही.

माझा नंबर आला. "अर्धा किलो," मी म्हणाले.

मुअल्लिमांनी सुरी खाली ठेवली. "बाई, तुमचं बीपी किती?"

"माझं? ठीक आहे."

"किती?"

मी काही बोलायच्या आत इन्साफनं गल्ल्याखालून यंत्र काढलं. "दंड पुढे करा, डॉक्टरबाई." सगळ्या गल्लीसमोर पट्टा फुगला, उतरला. तिनं आकडा बापाला दाखवला. एकशेबहात्तर.

"आज नाही," मुअल्लिम म्हणाले.

"आज नाही म्हणजे?"

"म्हणजे खाली आणून या. पिंप कुठे पळून जात नाही." त्यांनी कांद्याची पात आणि हरभऱ्याचे टहाळे माझ्या पिशवीत कोंबले. न्हावी पोट धरून हसत होता. "एकदम नका उतरवू पण. हळूहळू. पाचव्या मजल्याचं लक्षात आहे ना? डॉक्टर हाझेमनी सांगितलंय मला."

तेव्हापासून दर शुक्रवारी त्यांचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"किती?"

"एकशेपंचावन्न," मी काल सांगितलं.

"अजून नाही," ते म्हणाले आणि फोन ठेवला.